मोटरसायकलचा रंग : मॅट की ग्लॉस?

मोटरसायकलला मनासारखा रंग करून घ्यायचे ठरले की बहुतेकांचा वेळ रंगछटा निवडण्यात आणि टाकीवरचे पट्टे कसे असावेत याचा खल करण्यात जातो. शेवटचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक संरक्षक थर, मॅट (बिनचमकीचा) हवा की ग्लॉस (चकचकीत), हे पेंटर जाता जाता विचारतो आणि त्याला उत्तरही तसेच जाता जाता दिले जाते. प्रत्यक्षात पुढे गाडी पुसताना, पेट्रोल भरताना किंवा ओरखडा उठल्यावर जो काही मनस्ताप होतो, त्याचा संबंध रंगछटेपेक्षा या उत्तराशी अधिक असतो. माझी आधीची गाडी मॅट काळी होती आणि आताची ग्लॉस गर्द हिरवी आहे, म्हणून दोन्हींविषयी थोडे अनुभवाने लिहितो आहे.

खळगे भरणारी पुट्टी, रंगाखालचा प्रायमर आणि प्रत्यक्ष रंगाचा बेस कोट दोन्हींत सारखेच असतात. फरक सगळा वरच्या थरात आहे. मॅट क्लिअरमध्ये सिलिकासारखे अतिशय बारीक कण मिसळलेले असतात. थर सुकून आकसला की या कणांमुळे त्याचा पृष्ठभाग डोळ्यांना न दिसण्याइतका खडबडीत राहतो आणि त्यावर पडलेला प्रकाश एकाच दिशेने परतण्याऐवजी विखुरतो. मॅटचे बहुतेक गुण आणि जवळजवळ सगळे दोष या खडबडीतपणातच आहेत.

आधी गुणांविषयी. टाकी जुनी असेल, तिचे पोचे पुट्टीने भरलेले असतील, तर मॅट फार उदार असतो. ग्लॉस रंगवलेल्या टाकीजवळ उभे राहून तिच्यात पडलेले ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पाहावे. पुट्टी घासताना जिथे हात कमी-जास्त पडला असेल तिथे ती सरळ रेघ हलकेच वळते, आणि रंग काळा असेल तर ते वळण लपवण्याची कोणतीही सोय नसते. मॅटमध्ये प्रतिबिंबच नसल्याने ही परीक्षा होतच नाही. कापडाने पुसून पुसून ग्लॉसवर जी बारीक गोलाकार रेघांची जाळी उमटते आणि उन्हात गाडी उभी केली की नजरेत भरते, तीही मॅटवर उठून दिसत नाही. शिवाय टाकीचा आकार, तिच्या कडा आणि उतार मॅटमध्ये अधिक रेखीव वाटतात, हे मी आजही मान्य करतो.

आता ज्या एका गोष्टीमुळे माझा निर्णय झाला तिच्याविषयी. मोटरसायकल चालवताना गुडघे टाकीला टेकतात. जीन्सचे जाड कापड दररोज त्याच दोन जागी घासत राहते, आणि त्या घासण्याने मॅटचा सूक्ष्म खडबडीतपणा हळूहळू सपाट होतो. परिणाम असा की, टाकीच्या दोन्ही अंगांना तळहाताएवढे चकचकीत डाग पडतात. प्रथमदर्शनी ते तेलकट हात लागल्यासारखे दिसतात, म्हणून आपण ते पुसायला जातो. आणि पुसण्यात जोर लावला की तेवढीच चमक वाढते, कारण तेही घासणेच असते. माझ्या गाडीवर हे डाग समोरून फारसे जाणवत नसत, पण संध्याकाळच्या तिरप्या उन्हात सगळी टाकी सोडून तेवढेच दोन डाग चमकत. पायांची ठेवण वेगळी असलेल्या चालकाला किंवा क्वचित गाडी काढणाऱ्याला हा त्रास कदाचित कमी होईल. तरीही, दोष वापरामुळे निर्माण होतो आणि निगा राखण्याच्या प्रयत्नाने वाढतो, ही गोष्ट मला काही केल्या पचली नाही.

त्यावर उपाय नाहीत असे नाही. गुडघ्यांच्या जागी रबरी पॅड लावता येतात किंवा मॅट दिसणारी पारदर्शक संरक्षक फिल्म चिकटवता येते. मात्र हौसेने रंगवून घेतलेल्या टाकीवर पहिल्याच दिवशी ठिगळ लावावे, हे मनाला रुचायला हवे.

दुरुस्तीचा मुद्दाही यातूनच निघतो. ग्लॉसवर हलका ओरखडा आला, ओघळ आला किंवा रंग ओला असताना धूळ बसली, तर 2000 नंबरच्या वॉटर पेपरने (अतिशय बारीक पॉलिश पेपरने) तेवढा भाग पाणी लावून घासून, कंपाउंड (घासून चमक आणणारी पेस्ट) आणि पॉलिश करून तो पूर्ववत करता येतो, अर्थात क्लिअरचा थर पुरेसा जाड असेल तर. मॅटला हा मार्ग बंद आहे. जिथे पॉलिश लागेल तिथे चमक येईल, म्हणून एका ओरखड्यासाठी संपूर्ण टाकी पुन्हा फवारावी लागते. ती फवारल्यावर साइड पॅनेलशी जुळेलच असेही नाही. मॅटची तकाकी थराच्या जाडीवर, दोन थरांमधल्या सुकण्याच्या वेळेवर, हवेच्या दाबावर आणि डब्याच्या तळाशी बसलेले कण किती नीट ढवळले यावर बदलते. त्यामुळे मॅटचे काम ग्लॉसपेक्षा सोपे असते, हा समज तितकासा खरा नाही.

पेट्रोलच्या बाबतीत दोघांनाही काळजी लागते. हार्डनर (रंग कडक करणारा दुसरा घटक) मिसळून मारलेला टू-के, म्हणजे दोन घटकी, क्लिअर सांडलेले पेट्रोल बऱ्यापैकी सोसतो, साध्या एक-घटकी स्प्रे कॅनचा लॅकर मात्र मऊ पडतो किंवा विरघळू लागतो, मग तो मॅट असो वा ग्लॉस. फरक नंतरच्या सफाईत आहे. झाकणाजवळ सुकलेल्या थेंबाचे वलय ग्लॉसवरून थोड्या पॉलिशने निघते, मॅटवर ते चिवटपणे राहते. मेण आणि सिलिकॉनयुक्त स्प्रेही मॅटवर चालत नाहीत, कारण त्यांनी पृष्ठभागावरचे खळगे भरतात आणि रंग ठिकठिकाणी वेगळा दिसू लागतो.

मधला मार्ग म्हणून सॅटिन, म्हणजे मंद चमकीचे फिनिश, सुचवले जाते. ते दिसायला सुरेख असते, पण गुडघ्यांचे डाग तिथेही पडतात. फक्त आजूबाजूला मुळातच थोडी चमक असल्याने ते कमी खुपतात. मॅटचा मोह फारच असेल तर तो मडगार्ड आणि हेडलाइटच्या कव्हरवर पुरवावा आणि टाकी ग्लॉस ठेवावी, असे मला वाटते. या जोडीत रंग एकच ठेवला तरी गाडी वेगळी उठून दिसते.

टाकी ग्लॉस करायची ठरली, तर पेंटरकडे क्लिअरचा एक थर जास्त मागून घ्यावा, म्हणजे पुढे रबिंग-पॉलिश करायला जाडी शिल्लक राहते. ग्राफिक्स असतील तर ती क्लिअरखालीच घ्यावीत, वरून स्टिकर चिकटवू नयेत. रंग हाताला सुकलेला लागला तरी आत पूर्ण घट्ट व्हायला काही आठवडे लागू शकतात, म्हणून तेवढ्या काळात मेण लावणे आणि गाडीवर घट्ट कव्हर घालणे टाळावे.