पक्ष्यांचं थेट प्रक्षेपण: वाय-फाय कॅमेरा की केबलचा?

अंगणातले पक्षी दिवसभर थेट दाखवायचे असतील तर मेगापिक्सेलच्या आधी जोडणीचा विचार करा.

वाय-फाय कॅमेरा लावायला सोपा, जागाही हवी तेव्हा बदलता येते. पण भिंती आणि दाट झाडोरा सिग्नल खातात. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा ५ गिगाहर्ट्झपेक्षा लांब पोचतो, म्हणून बाहेर तोच वापरावा. बॅटरीवरचे कॅमेरे मात्र या कामासाठी घेऊच नका. ते हालचाल दिसली की जागे होतात, सतत प्रक्षेपण करायला बनलेलेच नसतात.

केबलच्या म्हणजे पीओई (पॉवर ओव्हर इथरनेट) कॅमेऱ्यात एकाच इथरनेट केबलमधून वीजही जाते आणि चित्रही, तेही १०० मीटरपर्यंत. केबलमध्ये वीज सोडणारा पीओई स्विच किंवा इंजेक्टर लागतो, केबल पाइपातून न्यावी लागते. मेहनत आहे खरी. पण पिल्लं अंड्यातून बाहेर येत असताना चित्र गोठलं, तर तो क्षण पुन्हा मिळत नाही. शिवाय यातले बहुतेक कॅमेरे आरटीएसपी (नेटवर्कवरून थेट चित्र पाठवायची पद्धत) देतात, त्यामुळे ओबीएस या संगणकावरच्या प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरमधून यूट्यूबवर प्रक्षेपण जमतं. अपलोडचा वेग दोन्हींना सारखाच लागतो.

पाणवठ्यावर सकाळचे दोन तास बघायचं असेल तर वाय-फाय पुरे. घरट्याच्या पेटीसाठी मी केबलच सुचवेन, आणि जवळचं स्पष्ट दिसेल अशी लेन्स. रात्रीसाठी ९४० नॅनोमीटरचे इन्फ्रारेड दिवे घ्या. ८५० वाल्यांची अंधुक लाल चमक दिसते. काहीही निवडा, कॅमेरा विणीच्या हंगामाआधीच बसवा. अंडी घातल्यावर पेटीला हात लावू नका.