जुन्या अल्टोला पॉवर स्टिअरिंग आणि खिशाला १६,९१० रुपयांची कात्री

जुन्या अल्टोला बसवायला पॉवर स्टिअरिंगचे वापरलेले सामान ऑनलाइन मागवले, त्यात फसलो आणि एकूण १६,९१० रुपये गेले. त्यांपैकी १४,५०० विक्रेत्याला, ७६० ट्रान्सपोर्टच्या भाड्याला, १,२०० ऑटो इलेक्ट्रिशियनला आणि ४५० व्हील अलाइनमेंटला. हिशेब आधीच मांडून टाकतो, कारण पोलीस ठाण्यापासून बँकेपर्यंत प्रत्येकाने मला प्रथम रक्कम विचारली आणि ती ऐकल्यावर पुढचे ऐकण्याची त्यांची इच्छा संपली. ज्यांच्या दारात पंधरा-वीस वर्षांची छोटी गाडी उभी आहे आणि जे तिची कामे स्वतःच्या हाताने करतात, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. नव्या गाडीच्या शोरूममध्ये चहा पीत बसणाऱ्यांनी वाचले नाही तरी चालेल.

माझी गाडी २००७ सालची अल्टो एलएक्स आहे. तिचे ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन आजही पहिल्या चावीत सुरू होते. प्लग, क्लच केबल, मागचे ब्रेक शू, कूलंट ही कामे मी नाशिकला इंदिरानगरच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्येच करतो. हेडलाइटला रिले लावून उजेड वाढवला, सेंट्रल लॉकिंगही स्वतःच बसवले. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क ६०० वरून थेट ५,००० रुपये झाले, तेही पेठ रोडला आरटीओत जाऊन निमूटपणे भरले. गाडी विकायची नव्हती. अडचण एकच होती. उजवा खांदा आखडल्यापासून रविवार कारंजाच्या गर्दीत किंवा मेन रोडच्या तोंडाशी गाडी वळवताना अक्षरशः डोळ्यांत पाणी येत असे, कारण एलएक्सला पॉवर स्टिअरिंग नव्हते.

त्याच अल्टोच्या एलएक्सआय या वरच्या प्रकाराला मात्र ते कंपनीकडूनच येत असे, आणि तेही इलेक्ट्रिक. म्हणजे पंप नाही, तेलाचे पाइप नाहीत. मोटर बसवलेला स्टिअरिंग कॉलम, हाताचा जोर मोजणारा त्याच्यावरचा टॉर्क सेन्सर, त्यानुसार मोटर चालवणारा, डॅशबोर्डखाली बसणारा कंट्रोलर आणि वायरिंग इतकाच हा पसारा असतो. गाडीचा सांगाडा तोच असल्यामुळे हे सामान एलएक्सला बसते आणि अनेकांनी ते बसवले आहे. तेव्हा कुणी ‘नसती हौस’ म्हणणार असेल तर त्याने आधी आखडलेल्या खांद्याने द्वारका सर्कलला एकदा यू-टर्न घेऊन दाखवावा.

‘स्वस्ताच्या मोहात पडलात’ हेही अनेकांनी ऐकवले. ते खोटे आहे. शहरातल्या जुन्या सामानाच्या दुकानांत मला बारा ते सोळा हजारांच्या दरम्यानचाच भाव सांगितला गेला होता. फक्त कॉलम आणि कंट्रोलर एकाच गाडीतून निघालेले आहेत, याची खात्री द्यायला कुणी तयार नव्हते. हे दोन्ही भाग एकमेकांशी जुळलेले असावे लागतात, हे मला ठाऊक होते. नेमकी हीच खात्री देणारा माणूस समाजमाध्यमावरच्या एका जाहिरातीतून भेटला. त्याने भाव कमी केला नाही, घासाघीसही फारशी होऊ दिली नाही, आणि त्यामुळेच तो खरा वाटला. फसवणारा नेहमी स्वस्तच विकतो, हा समज डोक्यातून काढून टाका.

बोलणे सगळे शुद्ध मराठीत चालले. पुण्याला गोदाम आहे, अपघातात गेलेल्या कमी चाललेल्या गाड्यांचेच सामान आम्ही घेतो, असे त्याने सांगितले. मी नाशिकचा आहे हे कळताच, “अहो काका, माझी मावशी सिडकोतच राहते, पवननगरला,” असेही तो म्हणाला. ही मावशी खरी आहे की नाही, देव जाणे. पण त्या वाक्यानंतर माझ्या प्रश्नांची धार कमी झाली, हे मला नंतर कॉलचे रेकॉर्डिंग ऐकताना स्पष्ट जाणवले.

आता विक्रेत्याने पाठवलेल्या व्हिडिओविषयी, कारण माझ्या मनात आजही तोच सलतो. ‘सामान चालू आहे याचा पुरावा पाठवा’ असे मी म्हटल्यावर अर्ध्या तासात त्याने व्हिडिओ पाठवला. लोखंडी टेबलावर आडवा धरलेला कॉलम, त्याच्या पोटाशी मोटर, शेजारी कंट्रोलरची चंदेरी डबी, आणि एका हाताची दोन बोटे स्टिअरिंग गरागरा फिरवताहेत. मागून आवाज येतो, “बघा काका, कसं लोण्यासारखं फिरतंय.” फिरणारच! खाली चाके वळवणारा रॅक नाही, चाके नाहीत, टायर जमिनीला टेकलेले नाहीत. भार नसलेला कोणताही कॉलम दोन बोटांनी फिरतो, मग त्याची मोटर चालू असो, जळालेली असो किंवा नसोच. आणि त्याच व्हिडिओत, डाव्या कोपऱ्यात, मोटरची जाड वायर टेबलाच्या कडेवरून खाली लोंबत होती आणि तिच्या टोकाचा पांढरा कनेक्टर हवेत हेलकावे खात होता. टेबलावर बॅटरी नव्हती. म्हणजे ज्या विजेवर चालणाऱ्या वस्तूचा पुरावा मी मागितला होता, तिला वीजच जोडलेली नव्हती. तो व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा थांबवून पाहिला होता, पण माझी नजर सारा वेळ ब्रॅकेटच्या भोकांवर होती, कारण ती माझ्या गाडीच्या बोल्टशी जुळतील ना, एवढीच चिंता मला लागली होती. हातात पाना घेऊन काम करणारा कुणीही आधी तेच पाहील. विक्रेत्याला हे पक्के ठाऊक असावे, म्हणून तर कॅमेरा त्या भोकांवर इतका वेळ स्थिर ठेवला होता. असा व्हिडिओ कुणी पाठवलाच, तर कंट्रोलर, बॅटरी आणि कॉलम एकत्र जोडून, स्टिअरिंगचे खालचे टोक घट्ट आवळून धरून, मोटर जोर लावते का ते दाखवायला सांगा. टाळाटाळ झाली तर फोन ठेवा.

२,००० रुपये टोकन म्हणून दिले आणि उरलेले १२,५०० माल ट्रान्सपोर्टला घालण्यापूर्वी. दोन्ही वेळा यूपीआयच्या पडद्यावर फर्मचे नाव न येता एका वेगळ्याच व्यक्तीचे नाव आले. विचारल्यावर “अकाउंटंटचं खातं आहे, काका, फर्मच्या खात्याची लिमिट संपली” असे उत्तर मिळाले. हे कारण तुम्हीही कधीतरी ऐकाल. ऐकाल तेव्हा पैसे पाठवू नका.

माल आला तो आडगाव नाक्याच्या बाजूच्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात, टू-पे. ७६० रुपये भरा, बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीवर, सही करा आणि मग खोके उचला, असा तिथला शिरस्ता. ‘उघडून पाहू द्या’ म्हटल्यावर तिथला कारकून माझ्याकडे न बघताच म्हणाला, “आम्ही फक्त पोचवतो. आत वीट निघाली तरी आमचा संबंध नाही.” बिल्टीवर माल निघाल्याचे ठिकाण दिल्ली होते. पुण्याच्या गोदामातला माल दिल्लीहून कसा निघाला, हा प्रश्न मला तिथेच पडला, तोवर पैसे मात्र जाऊन बसले होते.

खोक्यात वीट नव्हती, कॉलमच होता. काळा रंग इतका ताजा की बोटाला लागत होता, आणि पार्ट नंबरचे स्टिकर जिथे असते तिथे त्या रंगाचा जाड थर होता. कंट्रोलरच्या झाकणाचे स्क्रू पूर्वी उघडल्याच्या खुणा सांगत होते. सेन्सरच्या वायरी मध्येच कापून, पिळून, वर इन्सुलेशन टेप गुंडाळलेली होती. तरीही मी बसवून पाहिले, कारण १४,५०० रुपये देऊन झालेल्या माणसाकडे दुसरा कोणता मार्ग असतो? सुदैवाने गाडी रस्त्यावर नेली नाही. पुढची चाके जॅकस्टँडवर अधांतरी ठेवून इंजिन चालू केले, आणि मी हातही न लावता स्टिअरिंग झटक्यासरशी डावीकडे फिरून शेवटच्या टोकाला जाऊन आदळले. आत हात अडकला असता तर मनगट गेले असते. हीच गोष्ट गंगापूर रोडला, समोरून एसटी येत असताना घडली असती तर काय झाले असते, ते सांगायला नको. जुन्या गाडीचा कोणताही स्टिअरिंगचा किंवा ब्रेकचा भाग बदलल्यावर पहिली चाचणी चाके उचलूनच करा, यात आळस नको.

ऑटो इलेक्ट्रिशियनने मीटर लावून निदान केले. टॉर्क सेन्सरकडून दोन सिग्नल येतात आणि स्टिअरिंग सरळ असताना ते एकमेकांशी जुळायला हवेत. इथे एक सिग्नल जागचा हलतच नव्हता. कंट्रोलर वेगळ्याच गाडीचा होता. त्याचे १,२०० रुपये झाले आणि ते त्याच्या कष्टाचे होते, याविषयी तक्रार नाही. जुना कॉलम परत बसवल्यावर स्टिअरिंगचे चाक तिरके राहू लागले, म्हणून अलाइनमेंटचे ४५० गेले.

विक्रेत्याने पहिले काही दिवस “रिफंड टीमकडे पाठवलंय, काका” असे चालवले. मग एक क्यूआर कोड आला: ‘हा स्कॅन करून पिन टाका, १४,५०० जमा होतील.’ पैसे मिळवण्यासाठी पिन लागत नाही, एवढे मला कळत होते, त्यामुळे हा दुसरा डाव साधला नाही. त्यानंतर मी ब्लॉक झालो.

इथवरचा प्रकार चोराचा होता. त्यापुढचा ज्यांना आपण पगार देतो त्यांचा आहे, आणि मला अधिक संताप त्याचाच येतो. आमच्या भागातल्या पोलीस ठाण्यात मला प्रथम बाकावर बसवून ठेवण्यात आले आणि नंतर एकच प्रश्न विचारण्यात आला, “काका, माल आलाय ना तुमच्याकडे? मग ही फसवणूक कशी? हा दिवाणी वाद आहे.” मी बिल, बिल्टी, व्हिडिओ, इलेक्ट्रिशियनची लेखी चिठ्ठी असे सारे टेबलावर ठेवले. त्यावर ‘बिल पुण्याचे आहे, पुण्याला तक्रार करा’ असे सांगण्यात आले. बिल्टी दिल्लीची दाखवली, तर ‘मग दिल्लीला करा’. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती, तो कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी, देता येते, आणि फसवणूक करून मालमत्ता द्यायला लावणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालचा गुन्हा आहे, हे मी नम्रपणे सांगितले. तेव्हा “तुम्ही वकील आहात का?” असा प्रतिप्रश्न आला. निवृत्त माणसाने कायदा वाचला तर तो अपराध होतो, असे त्या आवाजावरून वाटले. शेवटी ‘ऑनलाइन टाका’ म्हणून बोळवण झाली. ऑनलाइन टाकलेली तक्रार फिरून फिरून त्याच ठाण्यात, त्याच टेबलावर आली, आणि तिथून मला फोन आला की, ‘काका, तुम्ही इथे प्रत्यक्ष या.’

बँकेत तर दोन मिनिटांत विषय संपवला गेला. “सर, पिन तुम्हीच टाकला ना?” टाकला. “मग व्यवहार अधिकृत आहे.” ज्याच्या खात्यात पैसे गेले त्याचे नाव, खाते, शाखा सगळे यंत्रणेला दिसते, त्याच खात्याविषयी आणखी कुणाच्या तक्रारी आहेत का, एवढे तरी पाहा, अशी विनंती केली, तर ‘ते गोपनीय असते’ म्हणाले. चोराची गोपनीयता जपणारी इतकी दक्ष माणसे मी प्रथमच पाहिली. ज्या पेमेंट ॲपवरून पैसे पाठवले, त्याच्याकडून आलेल्या उत्तरात माझे नावही चुकीचे होते.

एक मात्र सांगून ठेवतो: पैसे गेल्याचे लक्षात येताच, ठाण्याची वाट न धरता, ताबडतोब सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करा, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी अडवली गेली तरच काही हाती लागते. माझ्या बाबतीत माल येऊन, बसवून, तपासून होईपर्यंत ती वेळ केव्हाच निघून गेली होती.

बिलावरचा जीएसटी क्रमांक मी पैसे देण्यापूर्वी पाहिला होता, आकडे मोजले, पंधरा भरले, समाधान मानले. पण पहिले दोन आकडे राज्याचे असतात. महाराष्ट्राचा क्रमांक २७ ने सुरू होतो, माझ्या बिलावर ०७ होता, म्हणजे दिल्ली. पुढची दहा अक्षरे पॅनची असतात, आणि त्यांतले चौथे अक्षर धारक कोण ते सांगते. बिलावर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ छापलेले असताना तिथे कंपनीचे ‘सी’ हवे होते. होते ते व्यक्तीचे ‘पी’. बहुधा कुणा निरपराध दुकानदाराचाच क्रमांक उचललेला असावा. जीएसटीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला की नाव आणि राज्य फुकट दिसते, त्याला दोन मिनिटे लागतात.

आता ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात ती करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि वकील लावण्याची सक्ती नाही. बिलावरच्या पुण्याच्या पत्त्यावर मी आधी रजिस्टर पोस्टाने पाठवलेली नोटीस ‘पत्ता अपूर्ण’ या शेऱ्यासह परत आली; ते पाकीट न फोडता जसेच्या तसे तक्रारीला जोडले आहे. ज्यांच्याकडे असेच ताज्या काळ्या रंगाचे कॉलम आणि उघडून बंद केलेले कंट्रोलर आले असतील, त्यांनी ते रागाच्या भरात भंगारात देऊ नयेत, दुरुस्तही करू नयेत. खोके, बिल्टी, कापलेल्या वायरींचे फोटो आणि यूपीआयवरचे नाव दाखवणारा पडदा हे सगळे एका पिशवीत ठेवा आणि तुमच्या जिल्ह्यात तक्रार करा. त्या खात्याविरुद्ध एकाच माणसाची तक्रार असेल तोवर ती ‘दिवाणी वाद’ म्हणूनच बाजूला पडेल.