वॉचमनने नेलेल्या सह्या आणि एकतीस लाखांचं वॉटरप्रूफिंग

ठाण्यातल्या आमच्या अठ्ठेचाळीस फ्लॅटच्या सोसायटीत गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि बाहेरचं प्लास्टर-रंगकाम यासाठी दर फ्लॅटमागे ६५,००० रुपये काढले गेले. वर सिंकिंग फंडाची, म्हणजे इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवलेल्या निधीची, एफडीही मोडली. काम निम्मंही झालं नाही. हे जमवलं कसं ते सविस्तर लिहिते आहे, कारण ही युक्ती कुठल्याही सोसायटीत चालेल अशी आहे.

या खर्चाच्या मंजुरीसाठी बोलावलेल्या सभेच्या आठवडाभर आधी वॉचमन दारोदार फिरला. "मॅडम, नोटीस मिळाल्याची सही." हातात फुलस्केप, त्यावर फ्लॅट नंबर, नाव आणि सही असे तीन रकाने. वरती शीर्षक काहीच नाही. नोटीस मिळालेलीच होती, त्यामुळे सगळ्यांनी सह्या केल्या. विशेष सर्वसाधारण सभा ठेवली होती ऐन लग्नसराईतल्या रविवारी सकाळी. मी भाचीच्या लग्नाला नागपुरात होते. खाली पार्किंगमध्ये दहा-बारा डोकी जमली, असं शेजारच्या वहिनींनी नंतर सांगितलं.

उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीप्रमाणे, गणपूर्ती (सभेला लागणारी किमान हजेरी) म्हणजे एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा वीस, यांत जे कमी ते. आमच्याकडे वीस हवेत. नाही भरले तर सभा अर्ध्या तासानंतर त्याच दिवशी घेता येते, पण ते नोटिशीत आधी लिहावं लागतं आणि आमच्या नोटिशीत ते लिहायचं राहिलं होतं. मग वॉचमनचा कागद कामी आला. त्याच्या माथ्यावर 'उपस्थित सभासद' असं लिहून तो इतिवृत्ताला जोडण्यात आला. एकोणचाळीस जण हजर! त्यांत नागपुरात पंगतीला बसलेली मीही. ठरावाची प्रत बघून बँकेने एफडी मोडून दिली. बँकेला तरी काय कळणार.

कोटेशनं रीतसर तीन. तीन लेटरहेड, तीन पत्ते, पण तिन्हींत अट क्रमांक सातनंतर एकदम नऊ. सर्वांत कमी दर ज्याचा, तो सेक्रेटरीचा साडू निघाला. समितीच्या सदस्याचा सोसायटीच्या कुठल्याही कंत्राटात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असता कामा नये, असं उपविधी सांगतात. बिलात गच्ची ९,२०० चौरस फूट. मंजूर नकाशात ती ५,६०० आहे. ब्रिकबॅट कोब्याचे, म्हणजे विटांच्या तुकड्यांच्या जाड थराचे, पैसे लावले होते, प्रत्यक्षात ब्रशने केमिकल फासलं होतं. बिलावर १८ टक्के जीएसटी आकारला होता. तो नंबर जीएसटीच्या पोर्टलवर टाकला तर नोंदणी रद्द झालेली! म्हणजे कराच्या नावाने घेतलेले पैसेही सरकारकडे गेलेच नसणार. ही तपासणी घरबसल्या, फुकट आणि दोन मिनिटांत होते. कंत्राटदाराचं बिल हातात आलं की आधी तेच करा.

कागद मिळवायला मात्र घाम फुटला. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे सर्वसाधारण सभेची आणि समितीच्या सभांची इतिवृत्तं, शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद हे सभासदाला विनामूल्य बघता येतं. सेक्रेटरी म्हणत, "ऑडिट होऊ द्या, मग बघा." तोंडी मागाल तर असंच ऐकावं लागेल. अर्ज लेखी द्यावा, आपल्या प्रतीवर पोच घ्यावी आणि पोच देत नसतील तर पोचपावतीसह टपालाने पाठवावा. कंत्राटदाराच्या बिलांचा त्या यादीत स्पष्ट उल्लेख नाही, नेमकं त्याकडेच बोट दाखवून आम्हाला परतवलं. शेवटी सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांच्या कार्यालयातून पत्र आलं तेव्हा कुठे फाइल उघडली.

त्याच अधिनियमाच्या कलम ८३ खाली चौकशी मागायला एक पंचमांश सभासद लागतात, म्हणजे आमच्यात दहा. अठ्ठेचाळीस घरांतून दहा सह्या मिळवणं हेच खरं अवघड काम होतं. ज्यांच्या खोट्या हजेऱ्या लागल्या तेच म्हणत, "रोज लिफ्टमध्ये तोंड बघायचंय, कशाला वैर?" पासष्ट हजार गेले ते चालतात, पण शेजाऱ्याने नमस्कार चुकवलेला चालत नाही. उलट पहिल्या मजल्यावरच्या आजींनी चष्मा लावून अर्ज पूर्ण वाचला, वरचं शीर्षकही वाचलं, आणि मगच सही केली.

चौकशी आता सुरू आहे. सेक्रेटरींनी राजीनामा दिला, पण त्याने ते सुटत नाहीत. नुकसान सिद्ध झालं तर कलम ८८ खाली वसुली व्यक्तीकडून होते, आणि समितीच्या निर्णयांची जबाबदारी सदस्यांवर संयुक्तपणे येते. खजिनदार काकांना हे चौकशीची नोटीस आल्यावर समजलं. चेकवर दुसरी सही त्यांची. "मी फक्त सह्या करायचो," असं ते सुनावणीत म्हणाले, आणि अधिकाऱ्यांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. पैसे अजून परत आलेले नाहीत. गच्चीवर यंदा ताडपत्री घातली आहे, तिचा खर्च मेंटेनन्समधून.