सील गेलं म्हणाला, गळत होतं ब्रेक ऑइल

वाशीला टोमॅटोचे कॅरेट उतरवून रिकामी पिकअप घेऊन नारायणगावला परत निघालो होतो. मुरबाडच्या पुढे चहाला थांबलो तेव्हा सोबतचं पोरगं म्हणालं, "दादा, मागचं डावं चाक ओलं दिसतंय." टायरच्या आतल्या अंगाला ओघळ, रिमवर काळा चिकटा. टपरीवरच्या एकाने जवळचं गॅरेज दाखवलं. रात्रभराचं जागरण आणि पुढे माळशेज चढायचा, म्हणून गेलो.

गॅरेजवाल्याने एकदाच वाकून बघितलं आणि निकाल दिला, "एक्सलचं सील गेलंय शेठ, डिफरन्शियलचं ऑइल बाहेर येतंय." म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्यावरची, ऑइल अडवणारी रबरी कडी गेली आणि मागच्या दोन चाकांमधल्या गिअरच्या पेटीतलं गिअर ऑइल चाकाकडे येतंय. मीच शहाणपणा करून सांगितलं की ब्रेक मारला की गाडी उजवीकडे ओढते. "ओढणारच ना. ऑइल लायनरवर उतरलंय, डावीकडचा ब्रेक धरत नाही." लायनर म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणारी पट्टी. हे इतकं पटलं की पुढे काही विचारायचं सुचलंच नाही. त्यात खोटंही काही नव्हतं म्हणा. फक्त ऑइल कुठलं, हे खोटं होतं.

"तुम्ही निवांत जेवून या," म्हणाला. दीड तासाने आलो तर चाक धुऊन लख्ख, आणि त्याच्या हातात ओठ फाटलेलं एक जुनं सील. "हे बघा, हे निघालं." दोन सीलं, एक बेअरिंग, दोन लिटर गिअर ऑइल आणि मजुरी मिळून ७,८०० रुपये. घासाघीस करून ७,५०० दिले. हिशेब कच्च्या चिठ्ठीवर, त्यावर ना नाव ना गाव. फाटकं सील पुरावा म्हणून डॅशबोर्डवर ठेवलं आणि खुशीत घाट चढलो.

तिसऱ्या दिवशी सत्तर कॅरेट भरून पुन्हा निघालो. आळेफाटा सोडला आणि ओतूरच्या अलीकडे ब्रेकचा पाय नेहमीपेक्षा खाली गेला. दोनदा पंप केला तेव्हा धरला. माळशेजची उतरण अजून पुढे होती. तिथून पाच मिनिटांवर ओळखीचे मिस्त्री आहेत, तिकडे गाडी वळवली. माल दुसऱ्या गाडीत टाकला, भाडं गेलं.

मिस्त्रींनी पाना हातात घेतलाच नाही. ओल्या जागेवर बोट फिरवलं, अंगठ्यावर चोळलं, हुंगलं. "हे गिअर ऑइल नाही." गिअर ऑइल दाट असतं, आणि त्यातल्या गंधकामुळे त्याला सडक्या कांद्यासारखा उग्र वास येतो, एकदा नाकात गेला की विसरत नाही. हे पातळ होतं आणि तसला वास अजिबात नव्हता. मग त्यांनी पाण्याच्या ग्लासात त्याचा थेंब टाकला. ढवळल्यावर तो पाण्यात मिसळून गेला. डिफरन्शियलमधल्या ऑइलचा थेंब टाकला तर तो वर तरंगत राहिला.

तो दुसरा थेंब काढायला फिलर प्लग, म्हणजे डिफरन्शियलमध्ये ऑइल भरायच्या भोकाचं बूच, उघडावा लागला, तिथेच सगळं कळलं. प्लगवर कित्येक महिन्यांचा वाळका चिखल होता, पाना लागल्याची खूणच नाही. आत ऑइल भोकाच्या काठापर्यंत, तेही काळं, जुनं. मग ते दोन लिटर कुठे ओतले? एक्सल बाहेर काढल्याशिवाय सील बदलत नाही, आणि एक्सलच्या नटांवरची धूळही जागची हललेली नव्हती. ड्रम काढल्यावर व्हील सिलिंडरचं, म्हणजे ब्रेक ऑइलच्या दाबाने लायनर ड्रमवर दाबणाऱ्या भागाचं, रबर उचललं, तर आतून ब्रेक ऑइल ठिबकलं. दोन्ही चाकांचे सिलिंडर किट आणि नवे लायनर टाकले, कारण तेल प्यायलेले लायनर धुऊन भागत नाही. मग ब्रेकच्या नळ्यांत शिरलेली हवा काढली. सगळं धरून त्या चिठ्ठीच्या निम्म्यातही आलं नाही.

पैशांचं दुःख पचलं असतं. पण मिस्त्रींनी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची डबी दाखवली. झाकणाभोवती सांडलेलं ऑइल, खालच्या पत्र्याचा रंग फुगलेला. ब्रेक ऑइल रंग खातं. मी त्या डबीला महिनाभर हात लावला नव्हता. म्हणजे मी जेवत होतो तेव्हा त्या माणसाने डबी गुपचूप भरली होती. गळती कशाची आहे हे त्याला पक्कं माहीत होतं, आणि तरी त्याने मला घाटाकडे जाऊ दिलं.

मिस्त्रींनी आणखी एक सांगितलं, ज्यांचं खरंच सील गळतंय त्यांच्या कामाचं. हौसिंगच्या, म्हणजे डिफरन्शियल आणि एक्सलच्या लोखंडी कवचाच्या वर ब्रीदरची, आतली हवा बाहेर सोडणारी छोटी टोपी असते. ती चिखलाने बुजली की गरम झाल्यावर आत दाब साठतो आणि चांगल्या सीलमधूनही ऑइल बाहेर ढकललं जातं. ब्रीदर साफ न करता नुसतं सील बदललं तर काही दिवसांत चाक पुन्हा ओलं. ऑइल जास्त भरलं तरी तेच. बेअरिंगला खेळ असेल किंवा सील बसतं तिथे एक्सलला चर पडली असेल, तर नवं सीलही टिकत नाही. म्हणून सील बदलायचं झालं तर एक्सल बाहेर निघताना समोर उभं राहून बघा, जेवायला जाऊ नका.

पुढच्या फेरीला त्या गॅरेजवर गेलो. "तुमची गाडी इथे आलीच नाही," म्हणाला. चिठ्ठी दाखवली तर हसला. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर माहीत होता, पण नावाचं बिलच नाही तर तक्रार कोणावर लिहायची?

ते फाटकं सील अजून डॅशबोर्डवर आहे. परवा सहज मिस्त्रींकडे नेलं. त्यांनी आमच्या गाडीच्या नव्या सीलशेजारी ठेवलं. मापातच बसत नव्हतं, दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचं.