जुना सीडी-कॅसेट प्लेअर घेताना मी फसले, तुम्ही फसू नका

आईची खोली आठ बाय दहाची. पलंग, कपाट आणि खिडकीशी औषधांचं टेबल, एवढ्यातच ती भरते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी मोबाइलच्या काचेवर नेमकं कुठे बोट टेकवायचं, ते तिला उमगत नाही. बटण असेल तर चाचपून बरोबर दाबते. तिच्याकडे बुटांच्या दोन खोक्यांत मिळून साठेक कॅसेट आहेत, आणि बाबांनी नंतरच्या काळात घेतलेल्या वीस-बावीस सीडी. कॅसेटमधली एक घरी भरलेली आहे. १९८९ साली मावशीच्या लग्नात घाणा भरताना आजीने म्हटलेल्या ओव्या त्यात आहेत. आजीचा आवाज आमच्याकडे तेवढाच उरलाय.

म्हणून सीडी आणि कॅसेट दोन्ही वाजवणारा एकच लहान सेट हवा होता. आधी नव्याची चौकशी केली. नवे सेट फारसे मिळत नाहीत, आणि मिळाले तर खोक्यावर ‘१२०० वॅट पीएमपीओ’ असले आकडे छापलेले. तो आकडा बघूच नका. क्षणभराचा कागदावरचा जोर आहे तो. आरएमएस, म्हणजे सतत टिकणारा खरा जोर किती, ते विचारा. एवढ्याशा खोलीला दोन्ही बाजूंना दोन-तीन वॅट आरएमएस पुष्कळ होतात.

मग ऑनलाइन जुन्या वस्तूंमध्ये शोधताना एक जपानी सेट दिसला. चंदेरी रंग, कॅसेटचं दार पुढे, दोन बाजूंना स्पीकर. किंमत ६,५०० रुपये. विकणारा मुंबईचा, फोनवर बोलायला अगदी घरच्यासारखा. मी विचारलं, “सीडीचं झाकण वर उघडतं की पुढे? आमच्या पलंगावरच्या फळीला वर जेमतेम वीतभर जागा आहे.” तो म्हणाला, “पुढेच उघडतं ताई, बिनधास्त घ्या.” एमपी३ची सीडी चालते का? चालते. कॅसेट फिरवणारा रबरी बेल्ट बदललाय का? नवीनच टाकलाय. माझ्या एकाही प्रश्नाला त्याने ‘बघून सांगतो’ म्हटलं नाही. जुनी वस्तू खरोखर जवळ बाळगणारा माणूस कुठेतरी अडखळतोच, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं.

त्याने व्हिडिओ पाठवला. कॅसेट आत, गाणं सुरू, आवाज स्वच्छ. मी आईलाही ऐकवला. ती म्हणाली, “अगं, घेऊन टाक.” आधी ५०० रुपये बुकिंगचे मागितले, संध्याकाळी “दुसरं गिऱ्हाईक आलंय” म्हणून उरलेले ६,०००. यूपीआयवर नाव दुसऱ्याच कुणाचं येत होतं. “भावाचं खातं आहे,” म्हणाला. मी पाठवले.

पाचव्या दिवशी पार्सल आलं. सीडीचं झाकण वर उघडणारं होतं. फळीवर ठेवला तर अर्धंही उघडेना. तरी म्हटलं, टेबलावर ठेवू. प्लग लावायला गेले आणि मागच्या पट्टीवर नजर गेली. ‘२२० व्होल्ट’ असा कागदी स्टिकर, एक कोपरा सुटलेला. नखाने ओढला तर खाली मूळ छापलेलं होतं : १०० व्होल्ट. जपानात घरगुती वीज १०० व्होल्टची असते, आपल्याकडे २३० ची. वायर कापून तिला आपल्याकडची पिन तेवढी जोडली होती. आईने एकटीने तो प्लग लावला असता तर काय झालं असतं, या विचाराने आजही पोटात गोळा येतो.

फोन केला तर म्हणाला, “सेलवर चालवा ना ताई, वायरचं नंतर बघू.” सहा मोठे सेल आणले. रेडिओवर ७६ ते ९० मेगाहर्ट्झ एवढाच पट्टा. पुण्याची विविध भारती १०१ वर लागते, म्हणजे तीही गेली. जपानी रेडिओ घेणाऱ्यांनी हा पट्टा आधी तपासावा. सीडी घातली, ती घरघर फिरली आणि पडद्यावर ‘नो डिस्क’. चार सीडी घालून पाहिल्या, चारही वेळा तेच.

इथेच थांबायला हवं होतं. पण आई खुर्चीवर येऊन बसली होती, हातात ओव्यांची कॅसेट घेऊन. मी ती घातली. आजीचा आवाज आला, जड आणि ओढल्यासारखा, जणू ती आजारी आहे. दुसरी ओवी अर्धी झाली आणि आवाज आत ओढला गेला. दार उघडलं तर तपकिरी फीत रबरी रोलरभोवती घट्ट गुंडाळलेली. आई काहीच बोलली नाही. तिने कॅसेटला हात लावला आणि मी फीत सोडवेपर्यंत तो तसाच ठेवला.

पुण्यात विजेच्या वस्तूंच्या बाजारात, तपकीर गल्लीत, चौकशी करत करत एका जुन्या मेकॅनिककाकांपर्यंत पोचले. त्यांनी सेट उघडून दाखवला. बेल्ट मूळचाच, सैल पडून चिकट झालेला. रोलर फीत पुढे ढकलत राहतो, पण बेल्ट सैल असला की ती गुंडाळून घेणारं चाक फिरत नाही. मग फीत जाणार कुठे? रोलरवरच गुंडाळते. “मॅडम, अनोळखी मशिनमध्ये आपली कॅसेट कधी घालू नका. आधी फुटकळ कॅसेट घाला, घड्याळ लावा. सी-६० ची, म्हणजे साठ मिनिटांच्या कॅसेटची, एक बाजू अर्ध्या तासात संपायला हवी,” असं ते म्हणाले. कॅसेटचे पाच स्क्रू काढून त्यांनी चुरगळलेला तुकडा कापला आणि दोन टोकं जोडून दिली. एक ओवी अर्धी गेली. पैसे घेतले नाहीत.

घरी येऊन तो व्हिडिओ पुन्हा पाहिला, मोठा करून. कॅसेटच्या खिडकीतली दोन्ही चाकं स्थिर होती. गाणं चालू आणि चाकं थांबलेली! वरचा खटका ‘टेप’वर नव्हताच, ‘ऑक्स’वर होता. मोबाइल मागून जोडून गाणं वाजवलं होतं. चाळीस सेकंदांचा व्हिडिओ मी चार वेळा पाहिला होता, पण दर वेळी ऐकला होता, पाहिला नव्हता.

विकणारा म्हणाला, “आमच्याकडून निघताना चालू होता, कुरिअरवाल्याने आपटला असेल.” नंतर नंबर ब्लॉक. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, सायबरच्या पोर्टलवर व्हिडिओ आणि व्यवहाराचे तपशील दिले. तक्रारीचा क्रमांक मिळाला, पैसे नाहीत. पार्सल आल्यावरही मी चार दिवस घालवले होते. १९३० वर पहिल्या तासांत फोन गेला तर रक्कम खात्यातच अडवता येण्याची शक्यता असते, म्हणून लाजेपोटी थांबू नका.

तुम्ही घेणार असाल तर व्हिडिओ कॉलवर मागा. तुम्ही सांगाल तेव्हा कॅसेट काढायला लावा, पुढे पळवायला लावा, सीडीचं पाचवं गाणं लावायला लावा. मागची पट्टी जवळून दाखवायला सांगा. हे करायला जो टाळाटाळ करेल, त्याला एक रुपयाही आगाऊ देऊ नका.

परवा तीच जाहिरात पुन्हा दिसली. विकणाऱ्याचं नाव वेगळं, किंमत ७,२००. व्हिडिओ तोच आहे. चाकं अजून थांबलेलीच आहेत.