जे/२४ वरची स्पिनेकर बॅग, मोसमभर वापरून: पिशवी ठीक, वेल्क्रोला कोपरापासून नमस्कार

जे/२४ ही शर्यतीची छोटी शिडाची बोट, आणि स्पिनेकर (आमच्या भाषेत काइट) म्हणजे वारा मागून असताना पुढे चढवायचं फुगीर शीड; ही त्याची पिशवी. दसऱ्याच्या सुमारास घेतली होती, आता पावसाळ्यासाठी बोटी वर काढायची वेळ आली आहे. मधल्या काळात विक्रेत्याशी एवढी पत्रापत्री झाली की तेवढ्यात एखादं नवं शीड शिवून झालं असतं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण भांडण अजून मिटलेलं नाही. बाहेरून मागवलेली आहे, कस्टम ड्युटी धरून साडेनऊ हजारांच्या आसपास पडली. चौकोनी, तळाला जाळी, तोंडाला कडक रिंग, कठड्याच्या वायरला अडकवायला चार प्लॅस्टिकचे हूक आणि वर वेल्क्रोचं झाकण. हे झाकण लक्षात ठेवा.

पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात की जे/२४ वर बॅग हवीच कशाला? काइट सरळ हॅचमधून वर जातं, उतरवतानाही हॅचमध्येच ओढतात. बरोबर आहे, आम्हीही तेच करत होतो. पण मग एक माणूस खाली जाऊन टेपा लावत बसतो, म्हणजे शिडाच्या कडा हातातून सरकवत सरळ करतो. लाल कड एका हातात, हिरवी दुसऱ्या, डोक्यापासून (वरच्या टोकापासून) दोन्ही क्ल्यूपर्यंत (खालच्या कोपऱ्यांपर्यंत), मार्चमध्ये, त्या भट्टीत. तोवर बोट वाऱ्यावर, म्हणजे वाऱ्याच्या विरुद्ध, चढत असते आणि वरच्या कडेवर बसायला हवं ते वजन खाली घाम गाळत असतं. पाच जणांचं मिळून ४०० किलो एवढीच वर्गाची मर्यादा, त्यातलं एक शरीर असं फुकट जातं. शिवाय पहिल्या काइटसाठी तरी किनाऱ्यावर, सावलीत, नीट भरून आणलेली बॅग असावी हे कोणीही मान्य करेल.

आता झाकण. ज्यांनी फोरडेकवर (बोटीच्या पुढच्या भागात) काम केलंय त्यांना ठाऊक आहे की सगळा खेळ वरच्या मार्कच्या (वळायच्या खुणेच्या) आधीच्या काही बोट-लांबींचा असतो. पोल (काइटचा कोपरा बाहेर धरणारा दांडा) चढला, त्याला वर धरणारी टॉपिंग लिफ्ट ओढली, की गाय (पोलकडच्या कोपऱ्याची दोरी) हळूच पुढे चोरायची, म्हणजे काइटचा कोपरा बॅगमधून निघून फोरस्टेपर्यंत (मास्टच्या पुढच्या तारेपर्यंत) यायला हवा. बाकीचं कापड मात्र आतच राहायला हवं. मार्क वळल्यावर हॅलयार्ड (शीड वर चढवायची दोरी), आणि डोकं पूर्ण वर पोचेपर्यंत शीटला (दुसऱ्या कोपऱ्याच्या दोरीला) हात लावायचा नाही. शीट आधी ताणली तर काइट अर्ध्यावरच भरतं आणि हॅलयार्ड ओढणाऱ्याचे खांदे निखळतात. म्हणजे झाकण आधी थोडं उघडं, नंतर एका झटक्यात पूर्ण उघडं, आणि त्यापूर्वी लाटेला घट्ट बंद असं तिन्ही हवं. वेल्क्रोला यातलं एकही जमत नाही.

नवं होतं तेव्हा दोन हातांनी फाडावं लागे. वाकलेल्या बोटीवर फोरडेकच्या माणसाला दोन हात मोकळे असतात असं हे डिझाइन करणाऱ्याला कोणी सांगितलं देव जाणे. दिवाळीनंतर उलटं झालं. मुंबई बंदराचं पाणी म्हणजे गाळ, आणि उधाणाच्या दिवसांत तो सगळा ढवळून वर येतो. तो वेल्क्रोच्या आकड्यांत बसला, त्यावर मीठ सुकलं, आणि झाकण नुसतं ठेवल्यासारखं राहायला लागलं. डाव्या कठड्याला लावलेली बॅग, वारा उजवीकडून घेत चढताना, खालच्या बाजूला येते, प्रत्येक आखूड लाट तिच्यावर फुटते. एकदा बंदरातल्या संक रॉक दीपस्तंभाच्या अलीकडे लाटेने झाकण उचललं आणि काइटचं पोट मार्कच्या आधीच पाण्यात. स्किपर मागून ओरडतोय, "अरे झाकण, झाकण धर!" धरतो, पण कशाने? एका हातात पोल आहे.

त्याहून वाईट म्हणजे वेल्क्रोची आकड्यांची बाजू नायलॉनला धरते. जॉर्ज द मेस्त्राल या स्विस इंजिनिअरला वेल्क्रोची कल्पना कुत्र्याच्या अंगाला चिकटलेल्या काटेरी बोंडांवरून सुचली. कुत्र्याला केस असतात, त्याचं निभावतं. पाऊण औंसाच्या रिपस्टॉपचं (काइटच्या तलम नायलॉनचं) निभावत नाही. धागे ओढले गेले, दोन ठिकाणी बारीक भोकं पडली. रिपस्टॉप असल्यामुळे चीर पळाली नाही आणि चिकटपट्टीने भागलं, पण शिडाची किंमत आणि पिशवीची किंमत शेजारी ठेवून बघा, मग माझा संताप कळेल. रबरबँडने काइट बांधून भरण्याचा सल्ला एकाने दिला. जोराच्या वाऱ्यात ठीक आहे, पण ते तुटून पाण्यात जातात, आणि पाण्यात कचरा टाकायचा नाही हा शर्यतीचा नियमच आहे, नंबर ४७.

झाकणाबद्दलचा मजकूर मी जानेवारीत लिहून ठेवला होता, आणि पाचपैकी एक तारा दिला होता. तो आता बदलतोय, कारण मध्यंतरी दुसऱ्या बोटीने त्यांची जुगाडू व्यवस्था वापरायला दिली: क्रॉफर्ड मार्केटमधली कपडे ठेवायची जाळीदार टोपली, हॅचच्या तोंडाला बांधलेली. स्वस्त आणि मस्त म्हणून मीही खूश होतो. पण टोपलीच्या काठाच्या शिवणीवर टेप अडकते, आणि काइट घाईत आत कोंबताना टोपली पिचकते. आमच्या बॅगची ती कडक रिंग, जिला मी निव्वळ किंमत वाढवायचं निमित्त समजत होतो, तीच खरी कामाची वस्तू निघाली. तोंड गोल उघडं राहतं, एक माणूस गुडघ्यात धरून चढत्या लेगवर कडेवर बसल्या बसल्या टेपा लावू शकतो, कापड पीळ न पडता निघतं. जाळीचा तळही चांगला. पाणी खालून आत येतं हे खरं, पण तसंच निघूनही जातं.

हुकांचं सांगायचं राहिलं. चारपैकी दोन फेब्रुवारीत तुटले. वॉरंटी एक वर्षाची. उत्तर आलं की खाऱ्या पाण्यातला वापर वॉरंटीत बसत नाही. मी विचारलं, मग स्पिनेकर बॅग वापरायची कुठे, पवई तलावात? त्यावर "आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे." नंतर फोटो मागितले, बिल मागितलं, पुन्हा फोटो मागितले. नागदेवी स्ट्रीटला स्टेनलेसचे हूक मिळाले ते सगळे मिळून विक्रेत्याला पार्सल परत पाठवायच्या खर्चापेक्षा स्वस्त.

वेल्क्रोचा निकाल कुर्ल्यात लागला. रिक्षाचे हूड शिवणारे एक चाचा आहेत, त्यांच्याकडे बॅग नेली. "साहेब, पॅराशूट आहे का?" म्हणाले. काइट दाखवल्यावर म्हणाले, तेच की. सगळा वेल्क्रो उसवला, काठाला शिवण घालून त्यातून पातळ इलॅस्टिक दोरी ओवली, झाकणाऐवजी दोन्ही बाजूंनी मधे येणाऱ्या रेक्झिनच्या पाकळ्या लावल्या. गायचा कोपरा पाकळ्यांमधून सरकतो, मागचं कापड आतच. हॅलयार्ड ओढली की इलॅस्टिक आपोआप वाट देतं, कोणी काही उघडायचंच नाही. डोकं आणि दोन क्ल्यू अडकवायच्या आतल्या वेल्क्रोच्या पट्ट्याही काढून साधे फासे लावले. साडेतीनशे रुपये आणि एक चहा.

त्यानंतर दुपारच्या वायव्येच्या खाऱ्या वाऱ्यात, चांगल्या जोरातही, काइट अडकलेलं नाही. भल्या सकाळच्या मतलई वाऱ्यात तर पाकळ्या थोड्या जास्तच घट्ट वाटतात, कारण हॅलयार्ड हलक्या हाताने ओढली जाते. दोरीची गाठ थोडी सैल केली की झालं. एकच इशारा, गोड्या पाण्याने धुतल्याशिवाय काइट बॅगेत ठेवून घरी जाऊ नका. मिठाचं कापड दमट हवेत कधी सुकत नाही, आणि जाळीच्या भरवशावर राहिलात तर सोमवारी वास येतो.

तर आता साडेतीन तारे, त्यातला अर्धा चाचांचा. २९अर (29er) या छोट्या बोटीवाल्यांना याची गरज नाही, त्यांचं काइट शूटमधून (बोटीतच बसवलेल्या नळीतून) येतं. पोलवालं, दोन क्ल्यूंचं काइट असेल तर घ्या, पण सेकंडहँड मिळाली तर आधी ती बघा. वेल्क्रो गेलेली असेल तर उत्तमच, उसवायची मजुरी वाचेल. आमच्या क्लबात दुसऱ्या एका बोटीला हीच बॅग घ्यायची आहे, त्यांना मी कुर्ल्याचा पत्ता देऊन ठेवलाय. चाचा पावसाळ्यात रिक्षांच्या कामात बुडालेले असतात, तेव्हा मे संपायच्या आत जा.