दोन हजारांच्या आत जिमचे इअरफोन: वायर, नेकबँड की बड्स?

इअरफोन घेताना आपण विचारतो बेस कसा आहे, बॅटरी किती चालते. जिमसाठी घ्यायचे असतील तर आधीचा प्रश्न वेगळा: तुम्ही धावता की वजनं उचलता? आणि घाम किती येतो? दोन हजारांच्या आत आवाजाची तऱ्हा बहुधा एकच असते, बेस पुढे आणि गाण्यातले शब्द जरा मागे. शेवटचा सेट मारताना ते कोणाच्या लक्षातही येत नाही. खरा फरक दिसतो तो आडवं झाल्यावर, वाकल्यावर आणि दोन महिने घाम प्यायल्यावर.

नेकबँड

ट्रेडमिल, सायकल, क्रॉस ट्रेनर एवढंच करणार असाल तर फार विचार करू नका, नेकबँड घ्या, म्हणजे मानेवर बसणारी पट्टी आणि तिला जोडलेले दोन इअरफोन. कानातून सुटला तर गळ्यातच राहतो. कोणी हातवारे करत "दादा, किती सेट राहिले?" विचारलं, तर काढून छातीवर सोडायचा, दोन्ही टोकांना बहुधा चुंबक असतं. वनप्लसचा बुलेट्स वायरलेस झेड २ एका चार्जवर ३० तास चालण्याचा दावा करतो. दावा निम्म्यावर आणला तरी रोज तासाभराच्या व्यायामाला दोन आठवडे सहज निघतात.

पण स्क्वॅटला रॉड जिथे टेकतो, मानेखाली खांद्यांवर, नेमका तिथेच नेकबँड असतो. बेंचवर आडवं झालं की पट्टी मानेखाली दबते, वर सरकते आणि कानातले बोळे ओढले जातात. वाकून रोइंग मारताना तो पुढे लोंबकळतो. वजनं उचलणारी बरीच मंडळी स्क्वॅटच्या आधी तो काढून बाटलीच्या झाकणाला अडकवतात. मग गाणी कसली ऐकता?

वायरवाले

सगळ्यांत स्वस्त, चार्जिंगची कटकट नाही, हरवण्याची भीती नाही. जेबीएलचा एन्ड्युरन्स रन खास व्यायामासाठीच आहे: कानामागून फिरवता येतो आणि आयपीएक्स ५ आहे, म्हणजे पाण्याची धारही सोसतो. साधे वायरवाले मात्र ट्रेडमिलवर वैताग देतात, कारण वायर छातीवर आपटली की तिची टकटक थेट कानात येते. वायर टी-शर्टच्या आतून घ्या आणि कानामागून वळवा, बरंच कमी होतं.

फोन खिशात असेल तोवर ठीक. फोन जमिनीवर ठेवून डंबेल मारायचे आणि सेट संपताच उठायचं, हे एकदा तरी होतंच. आणि आधी स्वतःचा फोन उलटून बघा, गोल जॅक आहे का? नसेल तर टाइप-सीचे इअरफोन किंवा कन्व्हर्टर लागेल, आणि साधा कन्व्हर्टर प्रत्येक फोनला चालत नाही.

बड्स

वजनांसाठी माझं मत बड्सना, म्हणजे वायर नसलेल्या दोन सुट्या इअरफोनना. बेंच, स्क्वॅट, डेडलिफ्ट, कशातच आड येत नाहीत. शिवाय एकच कानात घातला तर "जरा सपोर्ट द्या ना" ही हाकही ऐकू येते. आवाज कमी आणि आसपासचं भान जास्त, हे जिममध्ये चांगलंच.

खोट दोन ठिकाणी आहे. पहिली, पडणं. माझा उजवा बड एकदा लेग प्रेसच्या मशीनखाली गेला; मी आणि ट्रेनर मोबाइलचा उजेड मारत पोटावर झोपून शोधत होतो, आणि मागे रांग. स्वस्त जोडीतला एक हरवला तर सुटा मिळेलच असं नाही, म्हणजे नवी जोडीच. म्हणून कानावर अडकणारा हुक असलेले बघा. डब्यात येणाऱ्या रबरी टोप्याही तिन्ही मापांत लावून पाहा. डाव्या-उजव्या कानाचं माप वेगळं असू शकतं.

दुसरी खोट घामाची, आणि ती आपणच ओढवून घेतो. ओले बड्स तसेच चार्जिंगच्या डबीत, म्हणजे केसमध्ये, टाकले की चार्जिंगच्या टोकांवर खारट पाणी आणि वीज एकत्र येते. टोकं हिरवट-काळी पडतात आणि एक दिवस डावा चार्जच होत नाही. केसला बहुतेक वेळा पाण्यापासून संरक्षण नसतंच. डब्यावरचा पाण्याचा आकडा फक्त बड्सचा असतो. सुती रुमालाने पुसायचे, पाच मिनिटं हवेवर ठेवायचे, मगच केसमध्ये. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तर हे रोज.

डब्यावरचे आकडे

आयपीएक्स ४ म्हणजे सगळ्या बाजूंनी उडणारे शिंतोडे, ५ म्हणजे पाण्याची धार, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. यातला 'एक्स' म्हणजे धुळीचं मानांकन दिलेलं नाही; आयपी ५५ असेल तर धूळही मोजलेली आहे. एक गंमत: ७ पास झालं म्हणजे ५ पास झालंच असं नसतं, त्या वेगळ्या चाचण्या आहेत. म्हणून ७ वालेही नळाखाली धुऊ नका. आणि चाचणी साध्या पाण्याची असते, घामातल्या मिठाची नाही. जिमला ४ पुरतं, टी-शर्ट पिळावा लागत असेल तर ५.

ईएनसी बघून भुलू नका. ते फोनवर समोरच्याला तुमचा आवाज स्वच्छ जावा म्हणून. जिमचे स्पीकर त्याने बंद होत नाहीत. एएनसी, म्हणजे बाहेरचा आवाज दाबणारी सोय, तुमच्या कानासाठी असते, पण या किमतीत एसी आणि ट्रेडमिलची घरघर कमी करण्यापुरतंच. प्लेट आपटल्याचा आवाज येणारच. गेमिंग मोड गाण्यांना काही कामाचा नाही.

नीट बसणारी टोपी निम्मं काम करते. ती सैल असली की जिमच्या स्पीकरवर मात करायला आपण आवाज वाढवत नेतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो.

मागवण्याआधी वस्तू परत घेतात की फक्त बदलून देतात ते बघा. पार्सल आलं की त्याच दिवशी घरी दोरीच्या पन्नास उड्या, वीस क्रंचेस आणि थोडं मान हलवणं करून पाहा. तोवर डबा फाडू नका, बिल आत ठेवा.